अल्मा टेलर : फाळके जाऊन आले त्या स्टुडिओतली मुलगी

मूकपट_वेडी

दोन मुली आगीचा बंब पळवतात. खराखुरा बंब, घोडे जुंपलेला. मागून बंबवाले टोप सावरत धावतायत. ते धापा टाकत जवळ येतात, तर या दोघी पाण्याची नळी त्यांच्यावरच धरतात आणि सगळ्यांना न्हाऊ घालतात. काही मिनिटांचा मूकपट आहे, १९११ सालचा. यातली पुढाकार घेणारी टिली म्हणजे अल्मा टेलर आणि तिची जोडीदारीण सॅली म्हणजे क्रिसी व्हाइट. रात्री साडेअकराला मी एकटी हसत होते. नवरा उठून बघून गेला.

मग शोधत बसले, आणि हा धागा त्या शोधाचा.

अल्माचा जन्म ३ जानेवारी १८९५चा, लंडनचा. १९०७ साली, म्हणजे बाराव्या वर्षी, ती पहिल्यांदा पडद्यावर दिसली. कंपनी सेसिल हेपवर्थ यांची. लंडनच्या नैर्ऋत्येला, थेम्सकाठी वॉल्टन नावाचं गाव आहे, तिथे त्यांचा स्टुडिओ होता. हेपवर्थना रंगभूमीवरून मुरून आलेली नटमंडळी फारशी नको असत. हातवारे मोठे, डोळे मोठे, सगळंच शेवटच्या रांगेसाठी. त्यांना कोरी पाटी हवी असायची. अल्मा तशीच होती. टिलीची मालिका १९१० ते १९१५ अशी चालली. दरवेळी गोष्ट तीच, मोठ्यांची नजर चुकवायची, धुमाकूळ घालायचा आणि परत येऊन साळसूदासारखं बसायचं.

आता मला हा धागा मराठीत का काढावासा वाटला ते सांगते. दादासाहेब फाळके १ फेब्रुवारी १९१२ला मुंबईहून विलायतेला निघाले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले होते. लंडनमध्ये 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीत शिरले. तिथले संपादक कॅबर्न यांनी आधी 'या भानगडीत पडू नका' असंच सांगितलं, पण मग माणसाची तळमळ बघून त्यांना हेपवर्थकडे नेलं. हेपवर्थनी सगळी खाती फिरून दाखवली. फाळके विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा घेऊन १ एप्रिलला परतले, आणि ३ मे १९१३ला गिरगावात कॉरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्या स्टुडिओत तेव्हा काम कोण करत होतं, हे मात्र आपण कधी विचारत नाही. सतरा वर्षांची अल्मा आणि सोळा वर्षांची क्रिसी तिथे पगारावर होत्या. झाडावर चढत होत्या, सायकली दामटत होत्या. आणि इकडे येऊन फाळक्यांना तारामतीसाठी एक बाई मिळेना. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसून उभे राहिले.

तर अल्मा. १९१२ मध्येच डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये ती नॅन्सी झाली. चार रिळांचा चित्रपट, त्या काळात ब्रिटनमध्ये चार रिळं म्हणजे चंगळ. टिलीमधली कार्टी एका वर्षात मार खाऊन मरणारी नॅन्सी करते, हे कंपनीतल्या लोकांनाही नवल वाटलं असणार. १९१५ साली 'पिक्चर्स अँड द पिक्चरगोअर' साप्ताहिकाने आवडत्या ब्रिटिश कलाकारांबद्दल वाचकांचा कौल घेतला, त्यात अल्मा पहिली आली. चॅप्लिनच्या पुढे! १९१६ मध्ये 'कमिन थ्रू द राय' आला (राय म्हणजे गव्हासारखं एक धान्य). तो राणी अलेक्झांड्रासाठी मार्लबरो हाउसमध्ये मुद्दाम दाखवला गेला. महायुद्ध संपल्यावर १९२० हे साल तिचं सगळ्यात भरगच्च. 'ॲना द अ‍ॅडव्हेंचरेस'मध्ये जुळ्या बहिणींची दुहेरी भूमिका, जोडीला रोनाल्ड कोलमन नावाचा नवखा पोरगा, जो पुढे हॉलिवूडमध्ये मोठा झाला. त्याच वर्षी 'हेलन ऑफ फोर गेट्स'. १९२३ मध्ये हेपवर्थनी 'राय' पुन्हा नव्याने काढला, नायिका पुन्हा अल्माच.

१९२४ साली 'डेली न्यूज'ने कौल घेतला, त्यात ब्रिटिश तारकांमध्ये अल्मा आणि बेटी बॅल्फोर सगळ्यात वर होत्या. आणि त्याच साली हेपवर्थ कंपनी दिवाळ्यात गेली.

यानंतरची अल्मा शोधायला भिंग लागतं. 'बोलपट आले आणि बिचारीचा आवाज चालला नाही' ही मूकपटातल्या बायकांबद्दलची ठरलेली कहाणी. पण अल्माच्या बाबतीत बोलपटांचा काही संबंध नाही. ब्रिटनमध्ये बोलपट १९२९ला रुजले. तिचे नायिकेचे भरभराटीचे दिवस त्याच्या पाच वर्षं आधीच सरले होते. माझं म्हणणं सरळ आहे. तिने बाराव्या वर्षापासून एकाच मालकाकडे काम केलं, ते घर बसलं आणि ती त्याखाली गेली.

तुम्ही काय म्हणता?

शेवंता७

मस्तच लिहिलंयस. बंबाचा मूकपट आत्ता ऑफिसात आवाज बंद करून पाहिला. मग लक्षात आलं की आवाज मुळातच नाहीये 😀

तिरकस_पण_खरा

लेख चांगला. पण प्रत्येक विलायती विषयाला फाळक्यांचं शेपूट जोडल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही का? फाळके तिथे कॅमेरा, फिल्मच्या कडेला छिद्रं पाडायचं यंत्र आणि रसायनशाळा बघायला गेले होते. पोरी बघायला नाही.

मूकपट_वेडी

@तिरकस, शेपूट नाही, शेजार म्हणा. फाळक्यांनी १९१७-१८ मध्ये 'नवयुग'मध्ये आपल्या सुरुवातीच्या धडपडीबद्दल सविस्तर लिहिलंय. त्यात नटी मिळवण्यासाठी काय काय केलं, ते वाचून हसावं की रडावं कळत नाही. ज्या माणसाने नुकताच असा स्टुडिओ पाहिलाय, जिथे मुली सकाळी कामाला येतात आणि संध्याकाळी घरी जातात, त्याला गिरगावात हे किती बोचलं असेल? बाकी १९१३च्या अखेरीस त्यांनी कोंडी फोडलीच. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई. कमलाबाई तेव्हा तेरा वर्षांच्या. म्हणजे अल्माने सुरुवात केली जवळजवळ त्याच वयाच्या.

आजोळ

कमलाबाई गोखले म्हणजे चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी. हे ठाऊक नसणाऱ्यांसाठी.

अवांतर : हेपवर्थचे वडील मॅजिक लँटर्नचे खेळ करत व्याख्यानं द्यायचे. आपल्याकडे कल्याणच्या पटवर्धनांची शांबरिक खरोलिका १८९२पासून चालूच होती. काचेवरच्या चित्रांतून सिनेमाकडे जायची वाट दोन्हीकडे एकच.

रीळवाला

मी लॅबमध्ये एकोणतीस वर्षं काढली. त्यामुळे नटीपेक्षा नटी कशी छापली गेली यात जास्त रस. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, हेपवर्थचे फेड. या गृहस्थाला एका दृश्यावरून दुसऱ्यावर कापून जाणं आवडत नसे. दृश्य संपलं की पडदा हळूहळू काळा, मग दुसरं हळूहळू उजळणार. १९२३चा 'राय' पाहाल तर कंदिलाची वात कुणीतरी सारखी खाली-वर करतंय असं वाटेल. आज फेड म्हणजे एक बटण. तेव्हा कॅमेऱ्याची मूठ फिरवता फिरवता दुसऱ्या हाताने भिंगाचं छिद्र मिटवत न्यायचं. एका फेऱ्यात आठ चौकटी, सेकंदाला साधारण दोन फेरे. फेडपुरते फेरे मनात मोजायचे. हात थबकला की पडद्यावर उचकी.

दुसरी, 'ॲना'मधली दुहेरी भूमिका. अर्धं भिंग काळ्या पत्र्याने झाकायचं आणि अल्माला डावीकडे उभी करून दृश्य घ्यायचं. मग कॅमेरा तसूभर न हलवता फिल्म उलटी गुंडाळायची, पत्रा दुसऱ्या बाजूला लावायचा, कपडे बदललेली अल्मा उजवीकडे, पुन्हा तीच फिल्म. मधल्या रेषेपलीकडे बोट जरी गेलं तरी ते हवेत विरघळतं. आणि समोर कुणी नसताना नटीने 'बहिणी'कडे अचूक उंचीवर बघायचं, तिच्या बोलण्यावर योग्य फेऱ्याला मान हलवायची. म्हणून ज्यांना वाटतं ती नुसती गोड चेहऱ्याची होती, त्यांनी एकदा रिकाम्या खुर्चीशी भांडून बघावं.

शेवंता७

ॲनाची दुहेरी भूमिका १९२०ला. आणि आपल्या अण्णांनी १९१७लाच 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही केलेत. अण्णा जिंकले!

तिरकस_पण_खरा

हे आवडलं. फाळक्यांचं शेपूट मागे घेतो.

पण आता खरी कुरबुर. 'राय' १९२३चा मी पूर्ण पाहिला. फेसाळ कॉफीचे दोन मग संपवून. हेलन अडेअरचं पॉल व्हॅशरवर प्रेम, मध्ये ती सिल्व्हिया वर्तमानपत्रात हेलनच्या लग्नाची खोटी बातमी छापते, पॉल भोळसटासारखा विश्वास ठेवून सिल्व्हियाशीच लग्न करतो, मग लढाईत मरतो. अठ्ठावीस वर्षांची बाई सुरुवातीला शाळकरी मुलगी म्हणून दोन वेण्या घालून येते. शेतं सुंदर, मान्य. पण १९२३ साल आहे! अमेरिकेतला ग्रिफिथ, स्वीडनचा शेस्त्रॉम असे दिग्दर्शक होऊन गेलेत. इथे मात्र लोक चौकटीत येतात, उभे राहतात, दुःखी होतात, आणि अंधार. कंपनी बुडाली ती यामुळे बुडाली. आणि अल्माने दहा वर्षांत दुसऱ्या कुणाकडे काम करायचं धाडस केलं नाही, तर तो तिचाही दोष.

मूकपट_वेडी

दोष म्हणणं सोपं आहे. तेव्हाचे करार कसे असत ते बघा. हेपवर्थकडचा नायक स्ट्युअर्ट रोम. खरं नाव सेप्टिमस रायट. पडद्यावरचं नाव कंपनीने दिलेलं. तो कंपनी सोडून गेला तर हेपवर्थ कोर्टात गेले. म्हणे नाव आमचं, ते वापरू नकोस! कोर्टाने रायटच्या बाजूने निकाल दिला ही वेगळी गोष्ट. पण ज्या घरात तुमच्या नावावरही मालक हक्क सांगतो, तिथून उठून जायला काय लागत असेल?

आणि हेपवर्थ काही खलनायक नव्हता, हेच त्यातलं अवघड. तो तिला चांगलंच वागवायचा. तिच्यासाठी गोष्टी निवडायचा, तिच्याभोवती चित्रपट बांधायचा. 'राय'साठी त्याने शेत पेरून घेतलं होतं, म्हणजे पीक कोवळं असताना, निसवताना, पिकल्यावर असं गोष्टीबरोबर टिपता यावं म्हणून. बियाणं टाकून नायिकेची वाट बघणारा निर्माता कुठे मिळतो?

रीळवाला

तेच तर. पीक उगवायची वाट बघणाऱ्या माणसाने धंद्यात वाट नाही बघितली. १९१९ मध्ये नवी कंपनी काढली, मोठा स्टुडिओ बांधायचा बेत. विजेसाठी जर्मन पाणबुड्यांची इंजिनं विकत घेतली. युद्धानंतर ती भंगारात निघाली होती. भांडवल पुरेसं जमलं नाही, अमेरिकन चित्रपटांनी थिएटरं आधीच अडवलेली, आणि १९२४ मध्ये कुलूप. त्यानंतर जे झालं ते लॅबवाल्याला ऐकवत नाही. मूळ निगेटिव्ह रद्दीच्या भावाने गेल्या. सेल्युलॉइड आणि चांदीसाठी. वीस-पंचवीस वर्षांचं काम वितळवून टाकलं. अल्माचा बहुतेक सगळा पडद्यावरचा जन्म त्या कढईत गेला.

आपल्याकडे काय वेगळं झालं म्हणा. चांदीसाठी किती रिळं गेली याचा हिशेब कोण ठेवणार. पुण्याचं फिल्म अर्काइव्ह निघालं १९६४ला. तोवर मूकपटांचा निकाल लागलेला.

टेम्सकाठी

वॉल्टनपासून गाडीने वीस मिनिटांवर राहतो, सोळा वर्षं झाली. गंमत म्हणजे या पाणबुडीच्या इंजिनांचं घर अजून उभं आहे! तिथे आता हौशी नाटकांचं छोटं थिएटर आहे, नाव सेसिल हेपवर्थ प्लेहाउस. आमच्या मंडळाच्या एका कुटुंबाच्या मुलीचं नृत्य तिथे होतं, तेव्हा दोन तास मी त्याच इमारतीत बसलो होतो आणि मला पत्ता नव्हता. बाहेरून साधी विटांची इमारत, आजूबाजूला गाड्या लावायची जागा आणि दुकानं. फाळके इथे येऊन गेले, हे आमच्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात कधी कुणी बोललेलं आठवत नाही. दरवर्षी फाळक्यांवर प्रश्नमंजूषा मात्र होते.

एक दुरुस्ती, म्हणजे भर. धागाकर्तीने १९१४चा दौरा लिहिला नाही. फाळके दुसऱ्यांदा आले तेव्हा आपले चित्रपट घेऊन आले होते, दाखवले, आणि हेपवर्थनी त्यांना इथेच राहून भारतीय चित्रपट काढायचं आमंत्रण दिलं. फाळके नाही म्हणाले. तिरकसरावांच्या मुद्द्याला जोडून सांगतो, हेपवर्थच्या पंखाखाली जायचं नाकारणारा एक माणूस होता, तो नाशिकचा होता.

तिरकस_पण_खरा

आणि नाशिकला जाऊनही शेवटी कफल्लकच झाला. त्यामुळे पंखाचा मुद्दा बाद 🙂

फिरस्ती_मधुरा

'हेलन ऑफ फोर गेट्स'बद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी येते. हा पाहिल्याशिवाय अल्माबद्दल मत बनवू नका. यॉर्कशरच्या पठारावर, हेब्डन ब्रिज आणि हेप्टनस्टॉलच्या परिसरात चित्रीकरण केलंय. दगडी कुंपणं, वारा, झुडपांशिवाय काही नाही. मूळ कादंबरी एथेल कार्नीची, आणि या बाई लहानपणी अकराव्या वर्षापासून कापडगिरणीत काम केलेल्या. त्यामुळे यात खेडं म्हणजे पोस्टकार्ड नाही. आईने एका माणसाला नाकारलं, तो सूड म्हणून तिच्या मुलीला आपली म्हणून वाढवतो आणि तिचा छळ करतो. आई आणि मुलगी, दोन्ही अल्मा. टिलीतली बेफिकीर पोर इथे अंग आकसून चालते, दार वाजलं की खांदे वर जातात. चेहऱ्यावर फार काही करत नाही ती. हेपवर्थला जे 'न नाटकी' हवं होतं ते इथे नेमकं उपयोगी पडतं.

हा चित्रपट हरवला असंच धरून चालले होते. २०००च्या दशकात प्रत मॉन्ट्रिअलच्या सिनेमाटेकमध्ये, म्हणजे चित्रपट-संग्रहालयात सापडली आणि २०१० मध्ये हेब्डन ब्रिजच्या चित्रपटगृहात पुन्हा दाखवला. ज्या गावात काढला त्याच गावात, नव्वद वर्षांनी.

तिरकस_पण_खरा

हा नव्हता पाहिला. शनिवारी बघतो आणि कळवतो.

आजोळ

@मधुरा, खांदे वर जाण्याचं वाचून माझी आजी आठवली. गिरगावात चाळीत राहायची. सिनेमातल्या बायांबद्दल बोलताना आवाज खाली करायची, जणू भिंतीला कान आहेत. आणि तीच दुपारी मॅटिनीला डब्यात चिवडा घेऊन जायची. 'बघायला हरकत नाही गं, करायला आहे' हे तिचं वाक्य. हिच्या पिढीला कुणी तरी बंब पळवणारी मुलगी दाखवायला हवी होती.

कट्टा_बहाद्दर

बेटी बॅल्फोरचं नाव आलंय म्हणून थोडं विषयांतर. १९२१ मध्ये दिग्दर्शक जॉर्ज पिअर्सनचा 'स्क्विब्ज' आला, बेटी त्यात नायिका, पिकॅडिलीला फुलं विकणारी मुलगी, तिचं पोलिसावर प्रेम आणि बाप घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावून घेणारा. म्हणजे जावई धरणार आणि सासरा पळणार. दुसऱ्या भागाचं नाव काय माहितीये? 'स्क्विब्ज विन्स द कलकत्ता स्वीप'. कलकत्त्याच्या टर्फ क्लबची इंग्लंडच्या डर्बीवरची लॉटरी तेव्हा एवढी प्रसिद्ध होती की लंडनच्या फूलवालीला नशीब फळलं दाखवायचं तर तिकीट कलकत्त्याचं! अल्मा म्हणजे शेत आणि पायवाट, बेटी म्हणजे फुटपाथ आणि खट्याळ डोळे. दशकाच्या मध्याला जनता फुटपाथकडे वळली.

बेटीचा 'लव्ह, लाइफ अँड लाफ्टर' (१९२३) असाच हरवलेला होता, २०१४ मध्ये नेदरलँड्समध्ये डबे सापडले. एकंदर ब्रिटिश मूकपट बघायचे तर ब्रिटन सोडून सगळीकडे शोधावं.

मूकपट_वेडी

@कट्टा, अगदी. बेटीने जे केलं ते अल्माने केलं नाही. बेटी फ्रान्सला गेली, जर्मनीला गेली, १९२८ला हिचकॉककडे 'शॅम्पेन' केला. एक दार बंद झालं की दुसरं ठोठावलं. पण तिच्याही नशिबी शेवटी चांगले दिवस राहिले नाहीतच. १९३४ला 'एव्हरग्रीन'मध्ये जेसी मॅथ्यूजच्या मागे दुय्यम भूमिकेत आली. म्हणजे हिंडून-फिरूनही दहा वर्षंच जास्त मिळाली. तिरकसराव, हे तुमच्या 'धाडस केलं नाही'ला माझं उत्तर समजा.

अल्माचं पुढचं सांगते, कारण मूळ लेखात घाईत सोडलं. १९२४ मध्ये 'द शॅडो ऑफ इजिप्त'. मग १९२७ला 'क्विनीज', १९२८ला आयव्हर नोव्हेलो नायक असलेल्या 'अ साउथ सी बबल'मध्ये बाजूची भूमिका. बोलपटांत 'डेडलॉक' (१९३१), 'बॅचलर्स बेबी' (१९३२). आवाजाची तक्रार कुणी केली नाही, भूमिकाच लहान होत गेल्या. १९३५च्या 'थिंग्ज आर लुकिंग अप'च्या नटमंडळींच्या यादीत ती खाली कुठेतरी आहे. त्याच यादीत अगदी तळाला एक नवी मुलगी आहे, व्हिव्हियन ली, पुढे 'गॉन विथ द विंड'ची नायिका झाली ती. तिचा पहिलाच चित्रपट. एकाच चित्रपटात एक जिना उतरतेय आणि दुसरी पहिल्या पायरीवर. १९५०च्या दशकात अल्मा अगदी छोट्या भूमिकांत अधूनमधून दिसली, काही ठिकाणी नावही नाही. २३ जानेवारी १९७४ला लंडनमध्येच गेली.

रीळवाला

अवांतर, पण सांगतोच. हेपवर्थकडे १९१०च्या सुमारास 'व्हिवाफोन' होता. ग्रामोफोनची तबकडी लावायची आणि कॅमेऱ्यासमोर कुणी तरी त्यावर ओठ हलवायचे. चित्र आणि तबकडी बरोबर चालतायत का हे ऑपरेटरने काट्याकडे बघून सांभाळायचं. म्हणजे आपण ज्याला प्लेबॅक म्हणतो त्याचा चुलत पणजोबा. वॉल्टनमध्ये बोलपटाची तालीम आधीच झाली होती असं म्हणा. आवाज आला म्हणून हे लोक बुडाले, हे म्हणूनच पटत नाही.

तिरकस_पण_खरा

शनिवार झाला. 'हेलन' पाहिला. कॉफी लागली नाही.

फेड तिथेही आहेत, पण तिथे ते चालतात, कारण प्रत्येक वेळी अंधार झाला की पुढच्या उजेडात काय वाढून ठेवलंय याची धास्ती वाटते. अल्माबद्दल माझं मत बदललंय. हेपवर्थबद्दलचं नाही. असा एक चित्रपट काढू शकणाऱ्या माणसाने तीन वर्षांनी पुन्हा त्याच शेतात जाऊन वेण्या घालायला लावल्या. हा गुन्हाच आहे.

टेम्सकाठी

रागाचं कारण मान्य. पण 'राय' टिकला आणि बाकीचे डझनावारी गेले, म्हणून तिची परीक्षा नेहमी त्यावरच होते. एखाद्या गायकाची एकच तबकडी उरावी आणि ती त्याच्या पडशाच्या दिवशी भरलेली असावी, तसं झालंय.

फिरस्ती_मधुरा

आणि 'टॅन्सी' (१९२१) विसरू नका, तोही उरलाय. ससेक्सच्या टेकड्यांवर मेंढ्या राखणारी मुलगी. मेंढ्या ऐकत नाहीत, वारा थांबत नाही, आणि अल्मा काठी घेऊन जशी चालते ती चाल मेंढपाळाची आहे, नटीची नाही. मी धनगरांबरोबर पावसाळ्यात दोन दिवस चालले आहे, त्यामुळे हे छातीठोकपणे सांगते.

शेवंता७

घरचा अहवाल : रविवारी दुपारी सासूबाईंना टिली दाखवली. आधी म्हणाल्या, 'हे काय, आवाज गेलाय का?' मग बंबवाल्यांवर पाणी उडालं तेव्हा पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की चहा थंड झाला. तीनदा बघितलं. शेवटी निकाल दिला की टिली ठीक आहे, पण ती दुसरी मुलगी जास्त चांगलं करते, तिला मोठं काम द्यायला पाहिजे होतं.

मूकपट_वेडी

आईंना सांग, दिलं हो. ती दुसरी, क्रिसी व्हाइट, पुढे हेन्री एडवर्ड्सबरोबर नायिका म्हणून गाजली, त्याच्याशीच लग्न केलं, आणि १९८९ पर्यंत जगली. तिच्यावर वेगळा धागा काढते, परीक्षा संपू देत मुलाची.